वृषालीची राहिलेली सुई

कतारगामच्या लूमवाल्या गल्ल्यांत वृषाली सिस्टरला न ओळखणारी आई सापडली नसती. लग्न होऊन बुलढाण्याहून सुरतेत आलेली ही नर्स लसी घेऊन दारात दिसली की बायका आपणहून लेकरांना मांडीवर घेऊन बसायच्या. "ताप येईल, उतरेल. माझ्यावर सोडा," एवढं ती म्हणाली की काम व्हायचं.

मग कोरोनाची लस आली, आणि पहिला नंबर आरोग्य केंद्रातल्या लोकांचाच लागला. वृषालीनं कणकण आहे म्हणून सुट्टी टाकली. दुसऱ्यांदा बोलावलं तेव्हा तिची दाढ दुखायला लागली.

लग्नाला सात वर्षं झाली होती. दोनदा दिवस राहिले, दोन्ही वेळा गर्भ टिकला नाही. आता नव्या डॉक्टरीणबाईंची औषधं चालू होती, आणि मोबाइलवर रोज कुणीतरी पाठवत होतं की ही सुई घेतली की बाईला मूल होत नाही. पोलिओच्या डोसाबद्दलही लोक हेच बोलायचे. तेव्हा हसून त्यांची समजूत घालणारी वृषालीच होती. पण तेव्हा कूस दुसऱ्याची होती.

"अवं, थांब ना थोडे दिवस," सासू रंभाबाई म्हणायची. "आधी माह्या नातवाचं तोंड पाहू दे."

नवरा प्रदीप ताटावरून मान वर न करता म्हणायचा, "त्यातलं तुला कळते. मी काय सांगू?"

मार्चमध्ये म्हाताऱ्या माणसांना लस सुरू झाली, आणि गल्लीची समजूत घालायला वृषालीलाच पाठवलं. पहिलं दार मालतीबाईचं. म्हातारी खानदेशातली, तिची सगळी नातवंडं वृषालीच्याच हातची टोचलेली.

"तू लिधी का माय?" मालतीबाईनं विचारलं.

'हो' जिभेवर आलंच होतं. पण म्हातारी अशा विश्वासानं बघत होती की ते बाहेर पडेना.

"नाही. अजून नाही घेतली."

"काबर?"

वृषालीनं हातातल्या यादीची घडी घातली.

"मंग माले बी नको," मालतीबाई शांतपणे म्हणाली. "तू लेशी तवय मी लेसू."

संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं की सिस्टरनंच घेतली नाही. दुसऱ्या दिवशी बायका चहा द्यायच्या, बसा म्हणायच्या, पण लसीचं नाव काढलं की उठून आत जायच्या. एप्रिल लागला तसे रुग्ण वाढले. ॲम्ब्युलन्सचा आवाज आला की वृषाली हातातलं काम टाकून रस्त्याकडे बघायची: मालतीबाईच्या दारात तर नाही ना थांबली?

शेवटी तिनं आपल्या डॉक्टरीणबाईंना सरळ विचारलं. "मूल होण्यावर परिणाम होतो असं कुठंच दिसलेलं नाही," त्या म्हणाल्या. "पण सगळ्या भीतीवर माझ्याकडे औषध नाही, वृषाली."

तिथून ती घरी न जाता तडक केंद्रावर गेली. चंचलबेन तिच्याबरोबरीची नर्स. तिनं सिरिंज भरली, वृषालीचा दंड धरला. "बीक लागे छे?"

"खूप भीती वाटते. तू टोच."

रंभाबाई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी लसीनं आलेला ताप उतरला की नाही, हे बघायला तिनंच कपाळावर हात ठेवला. त्या महिन्यात पाळी लांबली. वृषालीचं कशातच लक्ष लागेना. एकदा वाटायचं दिवस राहिले, एकदा वाटायचं लोक म्हणत होते तेच खरं. मग पाळी आली. न्हाणीघरात बसून ती रडली, सुटल्यासारखं वाटून की हरल्यासारखं, हे तिचं तिलाच कळलं नाही.

त्याआधीच, ताप उतरल्यावर लगेच, मालतीबाईकडे जाऊन तिनं दंड दाखवला होता. म्हातारीनं चष्मा लावून पाहिलं, पदर सारखा केला, आणि शेजारच्या दोघींना हाक मारून चपला घातल्या.

औषधं अजून चालू आहेत. रंभाबाई दर महिन्याला काही विचारत नाही, नुसती बघते.