वेलाला तडका

त्या दिवशी सकाळी मी गच्चीवर मधुमालतीची फुलं तोडत होते आणि खालच्या अंगणातून रोजच्यासारखी हाक आली, "वेलले तडका भेटना का व?" मी कठड्यावरून वाकून म्हटलं, "भेटला, ताई. भरपूर." खुर्चीत बसलेल्या ताईंनी मान डोलावली आणि चहाची बशी तोंडाला लावली. परडी भरून मी खाली उतरले तोवर बशी मांडीवर कलंडली होती... ताई गेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसणार. या गोष्टीला आता दोनेक महिने होतील. त्यांच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्यांना मिळालं होतं, याचं मला फार समाधान वाटतं.

विमलताई माझ्या थोरल्या जाऊबाई. सुरतेच्या उधन्यात आमचं घर, खाली त्या आणि वर मी. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, दोघेही लूमच्या कारखान्यात. जावाजावांचं काय होतं ते वाचकांना मी नव्याने सांगायला नको. पण आमच्यामध्ये हा वेल होता, आणि त्याला तडका लागायचा. तडका म्हणजे ऊन. हा अर्थ आमच्या घरात कसा आला ते ताई स्वतःच रंगवून सांगायच्या, आणि दर वेळी गोष्ट थोडी वाढलेली असायची.

अमळनेरजवळच्या माहेराहून त्यांनी मधुमालतीची फांदी पिशवीतून आणली आणि न्हाणीच्या भिंतीशी लावली, तिथे आयतं पाणी मिळतं म्हणून. वेल पानांनी नुसता फुगला, फूल मात्र नावाला नाही. माहेरी हाच वेल कुंपणभर फुलायचा, त्यामुळे ताईंच्या जिवाला ते फार लागलं. शेजारच्या कांताबेन ओट्यावरून म्हणाल्या, "बेन, एने तडको आपो. तडको मळशे तो फूल आवशे." वेलाला तडको द्या, मग फूल येईल, एवढं ताईंनी ताडलं. त्यांना गुजराती येत नव्हतं, पण एक नियम त्यांनी स्वतःच शोधून काढला होता. आपल्या शब्दाला ओ लावला की गुजराती होतं. दरवाजा दरवाजो, डबा डब्बो. तेव्हा तडको म्हणजे तडका, ढाब्यावरच्या दालतडक्यातला. त्यांनी तेल, मोहरी, हिंग, वर थोड्या मेथ्या अशी झकास फोडणी केली, ती गार केली ("तितली अक्कल व्हती माले") आणि वेलाच्या बुडाशी ओतली. अंगणभर वास सुटला तेव्हा कांताबेन विचारायला आल्या, आज काय रांधलं? ताईंनी वेलाकडे बोट दाखवलं. कांताबेन पदर तोंडाला लावून खाली बसल्या, बराच वेळ हसल्या, आणि मग हात वर करून सूर्य दाखवला.

तेव्हापासून आमच्याकडे पापडांना तडका, गाद्यांना तडका, आणि माझा मुलगा झाला तेव्हा त्यालाही सकाळचा कोवळा तडका.

न्हाणीपाशी ऊन यायचंच नाही, म्हणून ताईंनी मागावरून निघालेल्या साडीच्या काठांच्या पट्ट्या विणून दोर केला आणि वेल वर चढवला. मी लग्न होऊन आले त्या वर्षी तो माझ्या गॅलरीत पोचला आणि तिथेच फुलला. संध्याकाळी पांढरी उमललेली फुलं पुढे गुलाबी होत होत लाल व्हायची. ताईंच्या अंगणात उरलं नुसतं खोड. "मुळं मना घर, फुलं तुना घर. हाई काय न्याय शे?" असं त्या वर बघून म्हणायच्या. मग दोरीने परडी खाली सोडायची पद्धत पडली. मी कठड्यावर साड्या वाळत घातल्या की खालून आरडाओरडा, वेलाचा तडका अडला म्हणून. एकदा आमचं असं वाजलं की बोलणं बंद. कशावरून वाजलं ते पुढे दोघींनाही आठवेना. तरी सकाळी ताई अंगणात यायच्या आणि थेट वेलालाच विचारायच्या, तडका भेटना का रे? मीही वेलाला सांगायचे, हो म्हणावं. वेल बिचारा निरोप पोचवत राहिला.

समोर उंच इमारत उभी राहिली आणि माझ्या गॅलरीतलं ऊन गेलं. वेलाने फुलणं थांबवलं. मला वाटलं, संपलं. ताईंचे गुडघे तेव्हा पार दुखायचे, तरी जिन्यात बसत-उठत त्या गच्चीवर आल्या, दिवसभर पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून ऊन कुठून कुठे सरकतं ते बघितलं आणि वेल चढवायला पूर्वेचा कोपरा ठरवला. पुढच्या पावसाळ्यानंतर वेल तिथे लगडला. फुलं आता ना त्यांच्या घरी, ना माझ्या. ताई खूश झाल्या. म्हणाल्या, आता झाला न्याय.

त्यांच्यामागे मला धास्ती होती ती याच कोपऱ्याची. गच्ची गळते म्हणून त्यांच्या मुलाने, योगेशने, सगळीवर पत्रा टाकायचं काढलं. गळत होती हे खरं, ओल त्यांच्याही भिंतीला आणि माझ्याही. पण पत्र्याखाली वेलाची नुसती पानंच उरणार. बोलावं तर आईवेगळ्या पोराला काय बोलायचं?

गेल्या आठवड्यात पत्रेवाला माप घ्यायला आला. योगेश टेपचं एक टोक धरून उभा, मी परडी घेऊन कोपऱ्यात. तेवढ्यात खालून हाक आली, "काकी, वेलने तडको मळ्यो?" योगेशची बायको, पूजा. सुरतेतच वाढलेली मराठी मुलगी, तोंडात सारखं गुजराती. ताईंच्याच खुर्चीत बसून चहा पीत होती.

"तडको नाही गं," मी वरून ओरडले, "तडका."

योगेशच्या हातातून टेपचं टोक सुटलं. तो तोंड फिरवून टाकीकडे बघत राहिला. मग वेलाच्या कोपऱ्याकडे बोट दाखवून पत्रेवाल्याला म्हणाला, "आ खूणो खुल्लो राखजो, भाई."

पूजा अजून वरच बघत होती. मी कठड्यावरून वाकले आणि तिला उत्तर दिलं. भेटला म्हटलं, भरपूर.