काशीताई मधेच उठल्या

माझ्या मित्राची, कमळाकरची, थोरली बहीण काशीताई उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये राहतात आणि गर्दी पुरवतात. कुणी मंडपाला खुर्च्या पुरवतं, कुणी लाउडस्पीकर. काशीताई त्या खुर्च्यांवर बसायला माणसं पुरवतात. सभा असो, सत्कार असो, साडीच्या दुकानाचं उद्घाटन असो, आदल्या दिवशी फोन आला की दुसऱ्या दिवशी दोन बस भरून नव्वद बायका वेळेवर हजर. एरवी या बायका घरी बसून जीन्सच्या शिलाईचे लोंबणारे धागे कापतात. काशीताईही कापतात.

बावीस वर्षांपूर्वी अशाच एका सभेला त्या शेजारणीबरोबर गेल्या होत्या. बोलणारा गृहस्थ मधेच भाषण विसरला. खिसे चाचपू लागला, कागद सापडेना. काशीताईंना त्याची दया आली आणि त्यांनी टाळी वाजवली. त्यांचं बघून सगळ्या मंडपाने वाजवली. तेवढ्यात गृहस्थाला कागद सापडला. सभा संपल्यावर आयोजक धावत आला आणि त्याने पहिला प्रश्न विचारला, "बाई, तुम्ही कुणाच्या?" काशीताई म्हणाल्या, "कुणाच्या नाही." आयोजक म्हणाला, "मग उद्या आमच्या व्हा."

तेव्हापासून त्या सगळ्यांच्या झाल्या. सर्व पक्षांच्या, सर्व दुकानांच्या, एकदा तर एकाच वॉर्डात समोरासमोर उभ्या असलेल्या दोन्ही उमेदवारांच्या, सकाळी एकाच्या आणि संध्याकाळी दुसऱ्याच्या. कुणासाठी ते त्या विचारत नाहीत, फक्त ठिकाण विचारतात.

त्यांची बसायची जागा तिसऱ्या रांगेत, मधोमध. पहिल्या रांगेत बसलं तर इशाऱ्यासाठी मागे वळावं लागतं, आणि मागे वळणारी माणसं भाड्याची वाटतात, असं त्यांचं मत. त्यांनी पदर खांद्यावर ओढला की टाळी. चष्मा काढला की घोषणा. आणि पायाशी ठेवलेली निळी पिशवी उचलून मांडीवर घेतली की कार्यक्रम संपला, उठायचं. पिशवी वर येईपर्यंत कुणी हलायचं नाही. एका उन्हाळ्यात मंडपाच्या पंख्यातून धूर निघाला, स्टेजवरचे पाहुणे उड्या टाकून पळाले, आणि नव्वद बायका पिशवीकडे बघत बसून राहिल्या. "काशीताईचं माणूस संपायच्या आत उठत नाही," ही त्यांची अख्ख्या जिल्ह्यातली ख्याती. त्यांच्या धंद्याचं भांडवल म्हणाल तर एवढंच.

आता आमच्याबद्दल. आम्ही म्हणजे शिरगाव इलेव्हन या फुटबॉल क्लबचे बदलापूर पूर्वेतले प्रेक्षक, कमळाकर आमचा अध्यक्ष. खेळ आम्हा कुणालाच धड येत नाही, पण मत प्रत्येकाला आहे. तीस वर्षं आम्ही दर रविवारी चार वाजता मैदानाच्या पायऱ्यांवर बसून मतं मांडत आलो. विशेषतः गोलकीपर धम्मदीपबद्दल. धम्मदीप अंबरनाथच्या एका कारखान्यात पॅकिंगला आहे, वय चौतीस, आणि चौदा वर्षं आमच्या गोलात उभा आहे. सुटलेल्या प्रत्येक बॉलबद्दल त्याला आमच्याकडून जे ऐकावं लागलं ते इथे लिहिता येणार नाही.

गेल्या वर्षी क्लब विकला गेला. कमिटीतल्या तिघांनी सह्या केल्या आणि आम्हाला ते व्हॉट्सअॅपवर कळलं. कमळाकर जेवत होता. त्याने मेसेज वाचला, घास ताटात ठेवला आणि उपाशीच उठला, असं त्याची बायको सांगते. नवे मालक सुजितशेठ. ते इमारती बांधतात. महिनाभरात शिरगाव इलेव्हनचं नाव 'सुजित पॅराडाइज टायगर्स' झालं. हिरवी जर्सी जाऊन गुलाबी आली, कारण सुजित पॅराडाइज ही इमारत गुलाबी आहे. पायऱ्यांच्या पुढे, थेट मैदानाच्या कडेला, शेठच्या पाहुण्यांसाठी सोफे आले. फुटबॉलच्या मैदानावर सोफा बघून आमच्यातल्या एका ज्येष्ठ सभासदाला बसायलाच लागलं. तो सोफ्यावर बसला, तर रखवालदाराने उठवलं.

त्या संध्याकाळी आम्ही बहिष्कार पुकारला. रविवारी चार वाजता यायचं, पण फाटकाबाहेर, मैदानाकडे पाठ आणि रस्त्यापलीकडच्या भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. आत डोकावणाऱ्याचं नाव ग्रुपवरून काढायचं. पहिल्या रविवारी आम्ही एकशे साठजण पाठ करून उभे होतो. आत बावीस खेळाडू, तीन पंच आणि सोफ्यावर एकटे सुजितशेठ. कमळाकर इतका खूश होता की त्याने सगळ्यांना चहा पाजला.

दुसऱ्या रविवारी दोन बस आल्या.

पहिल्या बसचं दार उघडलं आणि गुलाबी टोप्या घातलेल्या बायका उतरू लागल्या. आम्ही बघतच राहिलो. सगळ्यात शेवटी निळी पिशवी उतरली, तिच्यामागून काशीताई.

"ताई?" कमळाकर म्हणाला. त्याचा आवाज चौथीतल्या मुलासारखा आला.

"तू इथं काय करतोस?" काशीताई म्हणाल्या. "आणि सगळे असे भिंतीला तोंड करून का उभे? शिक्षा झालीये का?"

"बहिष्कार आहे ताई. आठवडाभर सांगतोय तुला फोनवर."

"तू फोनवर फुटबॉल फुटबॉल करतोस, मी धागे कापते. मला शिरगाव मैदान सांगितलं, मी आले."

"तू आत गेलीस तर माझी काय इज्जत राहील?"

"मी नाही गेले तर माझी काय राहील?" काशीताईंनी टोपी सरळ केली. "शब्द दिलाय. तुझं भांडण तू बघ, चर्या." चर्या म्हणजे सिंधीत वेडा, कॅम्प पाचमध्ये राहून काशीताईंना वेड्यांची वर्गवारी दोन भाषांत येते.

आणि नव्वद बायका आत गेल्या. कमळाकर अध्यक्ष असल्यामुळे त्याला वळून बघता येईना. तो भिंतीकडे बघत उभा राहिला आणि त्याचे कान लाल होत गेले.

पुढचं आत काय घडलं ते मला त्या बायकांपैकी मायाने सांगितलं. पहिला अर्धा वेळ सगळा गोंधळ होता. भाषणात कुणी थांबलं की टाळी, हे काशीताईंना पाठ. इथे कुणी थांबतच नव्हतं. मग पंचाने शिट्टी फुंकली की खेळ थांबतो हे बघून त्यांनी शिट्टीला टाळी लावली. आपला खेळाडू पडून विव्हळत असताना नव्वद बायका उत्साहाने टाळ्या वाजवत होत्या. समोरच्या टीमने गोल मारला, त्यालाही वाजवल्या. सुजितशेठ सोफ्यावरून वळून वळून बघत होते.

मध्यंतरात कळलं की बायकांसाठी पाण्याची सोय करायला शेठ विसरलेत. ऑक्टोबरचं ऊन होतं. धम्मदीपने ते पाहिलं आणि खेळाडूंसाठी आलेले दोन क्रेट स्वतः उचलून आणले. त्याच्या हातातून बाटली घेताना काशीताईंनी विचारलं, "बाळा, टाळी नेमकी कशाला वाजवायची रे? आमचं काहीतरी चुकतंय."

धम्मदीपने विचार केला. चौदा वर्षांत त्याला हे कुणी विचारलं नव्हतं. तो म्हणाला, "मावशी, बॉल माझ्या हातात आला की वाजवा."

काशीताईंना सरळ, स्पष्ट काम आवडतं. दुसऱ्या अर्ध्यात बॉल धम्मदीपच्या हातात आला, पदर ओढला गेला, आणि मैदान दणाणलं. आपल्याच खेळाडूने हळूच मागे दिलेला बॉल छातीने थांबवून त्याने उचलला, तरी दणाणलं. गोलपोस्टच्या मागे गेलेला बॉल तो उचलून आणायला गेला, तेव्हा तर टाळ्या थांबेचनात.

बाहेर आमची काय अवस्था झाली असेल याची कल्पना करा. पाठ करून उभे आम्ही फक्त आवाज ऐकत होतो, आणि एवढा आवाज गोलाशिवाय होतो हे आम्हाला ठाऊक नव्हतं. आमच्या मोजणीप्रमाणे आपण अकरा गोलांनी पुढे होतो. तीस वर्षांत आपण कधी चारच्या वर गेलो नव्हतो. कमळाकर खचला. "आपण नव्हतो म्हणून खेळले," तो म्हणाला. "तीस वर्षं आपलाच पायगुण."

सामना संपल्यावर कळलं, दोन-शून्यने हरलो होतो. आम्ही इतके सुन्न झालो की आनंद मानायचं राहून गेलं.

त्याच्या पुढच्या रविवारीही असंच. एक फरक पडला होता. धम्मदीप उडू लागला होता. चौतीस वर्षांचा माणूस, गुडघ्याला पट्टा, आणि वरच्या कोपऱ्यातला बॉल बोटांनी काढत होता. हाताला बॉल लागला की नव्वद जणी वाजवतात म्हटल्यावर कोण उडणार नाही? शेठने ठाण्याहून आणलेला विनीत नावाचा फॉरवर्ड होता, हायवेवरच्या फलकावर त्याचाच फोटो. त्याने गोल मारला तेव्हा मैदानात चिटपाखराचाही आवाज नव्हता. करारात नव्हतं.

सुजितशेठना हे खुपलं. चौथ्या रविवारी सोफ्यांवर फ्लॅट बघायला आलेले पाहुणे बसले होते, त्यांच्यासमोर कौतुक कुणाचं, तर पुढच्या महिन्यात काढून टाकायच्या गोलकीपरचं. सत्तराव्या मिनिटाला धम्मदीपच्या पायातून एक बॉल निसटला आणि गोल झाला. शेठने माइक घेतला. ते आम्हाला बाहेरही ऐकू आलं. "गोलकीपरला बाहेर घ्या," शेठ म्हणाले. "म्हातारा झालाय. इथून, सोफ्यांसमोरून चालत आणा त्याला. पाहुण्यांना बघू द्या, आम्ही कचरा कसा काढतो ते."

कचरा हा शब्द आमच्यापैकी प्रत्येकाने धम्मदीपला कधी ना कधी वापरला होता. पण तो आमचा होता म्हणून.

आत शेठचा मॅनेजर वाकून तिसऱ्या रांगेत आला. "काशीताई, तो समोरून गेला की सगळ्यांना हसायला सांगा. जोरात. व्हिडिओ काढतोय."

"हसायला?" काशीताई म्हणाल्या.

"हां. हूटिंग."

"आमच्याकडे टाळी आहे, घोषणा आहे. हसणं नाही ठेवत आम्ही."

"अहो, नव्वद जणींना हसायला काय लागतं? शेठ खूश होतील. दिवाळीपर्यंतची सगळी कामं तुम्हालाच."

"नाहीतर?"

"नाहीतर उठून जा मग," मॅनेजर म्हणाला. तो हे सहज बोलला. काशीताई उठत नाहीत हे त्यालाही ठाऊक होतं.

धम्मदीप हातमोजे काढत सोफ्यांकडे येत होता. त्याने मान खाली घातली होती. काशीताईंनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा पायाशी बघितलं. मग वाकून निळी पिशवी उचलली आणि मांडीवर ठेवली.

बायकांना कळेना. वीस मिनिटं बाकी होती. माया कुजबुजली, "ताई, पिशवी चुकून वर आलीये."

"चुकून नाही," काशीताई म्हणाल्या आणि उभ्या राहिल्या.

नव्वद बायका उठल्या. रांगेने, घाई न करता, जशा नेहमी उठतात तशाच. जाताना प्रत्येकीने गुलाबी टोपी एकेका सोफ्यावर ठेवली. पाहुणे बसले होते तिथे त्यांच्या मांडीवर. धम्मदीपजवळ आल्यावर काशीताईंनी पदर ओढला. सगळ्यांनी टाळी वाजवली आणि त्याला मधे घेऊन फाटकाबाहेर आल्या.

आम्ही पाठ करून उभे होतो. कमळाकरने नियम मोडला आणि वळला. मग आम्ही सगळेच वळलो. जे आम्ही चार रविवार उन्हात उभं राहून साधलं नव्हतं ते समोरून चालत येत होतं. आत विनीतसुद्धा खेळायचा थांबून रिकाम्या पायऱ्यांकडे बघत होता.

काशीताई भावासमोर थांबल्या. "कमळ्या," त्या म्हणाल्या, "माझं माणूस मधेच उठलं रे." कमळाकरने त्यांच्या हातातली पिशवी घेतली.

त्या दिवसाचं पैशांचं पाकीट त्यांनी घेतलं नाही. पण बातमी कल्याणपर्यंत पोचली. दोन महिने फोन आला नाही. एका आयोजकाने खात्री करायला विचारलं, "तुमची माणसं उठतात म्हणे?" काशीताई म्हणाल्या, "उठतात," आणि फोन ठेवून धागे कापायला बसल्या. हसायला सांगितलं होतं याचा एक शब्दही त्यांनी कुणाला सांगितला नाही. आम्ही सांगत सुटलो, पण आमचं कोण ऐकतं?

रिकाम्या पायऱ्यांसमोर चार-पाच रविवार बसून सुजितशेठही कंटाळले. त्यांना क्रिकेटची एक टीम मिळाली, तिला गुलाबी रंग दिला, आणि क्लब कमिटीच्या गळ्यात परत टाकला. सोफे मात्र घेऊन गेले.

हिरव्या जर्सीतल्या पहिल्या सामन्याला काशीताई तिकीट काढून आल्या. आम्ही पास देत होतो, घेतला नाही. तिसऱ्या रांगेत, मधोमध बसल्या. पिशवी पायाशी. आम्ही सगळे मैदान सोडून त्यांच्या पदराकडे बघत होतो. पदर हलला नाही. धम्मदीपने दोन अप्रतिम बॉल अडवले, आम्ही घसा फोडला, काशीताई हात मांडीवर ठेवून शांत.

"ताई, वाजव की," कमळाकर म्हणाला.

"बघू दे मला. इतकी वर्षं मी स्टेजकडे कधी बघितलंच नाही, नुसतं बोलणारा कुठे थांबतोय ते ऐकलंय."

एक-एक बरोबरी. ऐंशीवं मिनिट. आपला कॉर्नर. आणि काशीताईंनी पिशवी उचलून मांडीवर घेतली.

कमळाकरला धक्काच बसला. "अगं, दहा मिनिटं राहिलीत. कॉर्नर आहे. कुणी काही बोललं का तुला?"

"कुणी नाही," काशीताई उठत म्हणाल्या. "खेळ छानच चाललाय. पण बावीस वर्षं मी शेवटपर्यंत बसलेय. त्या दिवशी उठले ती रागाने. आज काही कारण नसताना उठून बघते, कसं वाटतं ते."

आणि त्या पायऱ्या चढून निघाल्या, आरामात, बाजाराला निघाल्यासारख्या. कमळाकर उभा राहून वळला. मी वळलो. ही बाई खरंच जाते की काय म्हणून अख्ख्या पायऱ्या उभ्या राहून मागे बघू लागल्या. फाटकाशी पोचल्यावर काशीताईंनी चपलेतला खडा काढला आणि बाहेर पडल्या.

तेवढ्यात गोल झाला. विजयाचा गोल, आणि तेव्हा आम्ही सगळे मैदानाकडे पाठ करून उभे होतो. तो कुणी मारला यावर ग्रुपवर अजून वाद चालू आहे. धम्मदीपने बघितला होता, पण तो सांगत नाही.