मरणाऱ्या ताऱ्याची वाफ आणि एक शाल

सिंगापूरच्या आभाळात तारे शोधूनही सापडत नाहीत. त्यामुळे मी तिथे ताऱ्यांवर काम करते म्हटलं, की लोक थेट तळहात पुढे करायचे.

माझं काम मरायला टेकलेल्या ताऱ्यांचं. असा तारा अंगावरचा वायू अवकाशात सोडत राहतो. पृथ्वीपासून लांब असलेली एक इन्फ्रारेड दुर्बीण त्याचा प्रकाश टिपते आणि मी क्लेमेंटीतल्या भाड्याच्या खोलीत बसून, आलेखातल्या उंचवट्यांवरून त्या वायूत कुठले रेणू आहेत ते ओळखायचे. खिडकीबाहेर बांबूवर माझे कपडे तीन-तीन दिवस वाळत नसत. मी मात्र वाफ शोधायचे परक्या ताऱ्याभोवती.

गेल्या वर्षी ती सापडली. जिथे असायलाच नको, अशा एका ताऱ्याभोवती पाण्याची वाफ! माझं कंत्राट संपायला चार महिने उरले होते. शोधनिबंध छापला गेला तर मुदतवाढ, मुदतवाढ मिळाली तर सिंगापुरात राहायचा पास. नाहीतर गाशा गुंडाळून पुणे. मी फक्त आईला सांगितलं, "कुणाला बोलू नकोस." तिने शब्द पाळला. कुणाला बोलली नाही, व्हॉट्सॲपवर टाकलं.

पंधरा दिवसांत तिथल्या मराठी मंडळाने शाल-श्रीफळ देऊन माझा सत्कार केला. "आपल्या मुलीने पाणी शोधलं," असं अध्यक्षांनी इतक्या आवेशात सांगितलं, की मी गावाला नळच आणून दिलाय असं वाटावं. एका बाईंनी ते पिण्याजोगं आहे का, असं विचारलं. खरं सांगते, मला ते सगळं फार आवडलं.

दुसऱ्या दिवशी जेवताना मी घरमालक काकांना आलेख दाखवला. काका जन्मभर जहाजांवर चीफ इंजिनिअर होते.

"जिथे वाफ नाहीच, अशा ताऱ्यावर हेच यंत्र लावून बघितलंस?" त्यांनी विचारलं. "आकडा विचित्र आला की आम्ही आधी गेज तपासायचो, मग इंजिन उघडायचो."

"काका, ही दुर्बीण आहे, बॉयलर नाही."

"बरं," म्हणून त्यांनी आमटी वाढून घेतली.

मला संताप आला. त्यांना खोटं पाडायचं म्हणून मी वाफ नसलेल्या एका धडधाकट ताऱ्याचा आलेख काढला. तोच उंचवटा, त्याच जागी. वाफबिफ काही नव्हती, ती यंत्राचीच खोड होती. हे आधी तपासायचं असतं, हे मला ठाऊक नव्हतं थोडंच? मला तपासायचं नव्हतं.

तीन दिवस गप्प बसले. मुदतवाढीच्या कागदावर सही होईपर्यंत कुणाला कळलंही नसतं. चौथ्या दिवशी आमच्या प्रकल्पाच्या सरांना कळवलं. त्यांनी माझ्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं, आणि मुदतवाढ काही आली नाही. शाल परत करायला गेले, तर मंडळाचे अध्यक्ष दचकले. "अहो, आपल्या अंकात छापून झालंय. आता पाणी असू दे की!"

डिसेंबरात, निघायच्या आदल्या दिवशी, ती शाल मी काकांच्या खांद्यांवर घातली. "गेजबद्दल," म्हटलं. त्या उकाड्यात त्यांनी शाल उतरवली, नीट घडी घातली आणि माझ्या उघड्या बॅगेत सगळ्यात वर ठेवली.

"पुण्यात थंडी असेल," ते म्हणाले.