न्यूट्रल कोण मारतं?

माझ्या डाव्या पायात जोर नाही. लहानपणी पोलिओ झाला, पाय बारीक राहिला, आणि क्लच दाबणं त्याला कधी जमणारच नव्हतं. त्यामुळे चाळिशीपर्यंत मी पेणहून रोह्याजवळच्या धाटावच्या कंपनीत एसटीने गेले. एसटीच्या त्या पायऱ्या कोणाच्या उंचीच्या हिशोबाने बांधल्यात हे मला अजून कळलेलं नाही. मग पनवेलच्या एका दुकानातून जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. तिला क्लच नाही, दोनच पेडल, आणि दोन्ही उजव्या पायाची. पहिल्या दिवशी कंपनीच्या लॅबच्या दारात मी स्वतः गाडी लावली, तेव्हा शिफ्ट सुटलेली माणसं वळून बघत होती. मला फार बरं वाटलं.

दुकानदाराने सहा महिन्यांची वॉरंटी दिली होती. गाडी सहा महिने शहाण्यासारखी वागली आणि मुदत संपल्यावर पंधरा दिवसांत पेणच्या नाक्यावर अडून बसली. गिअरचा दांडा डीवर, इंजिन बोंबलतंय, गाडी जागची हलत नाही. मागे गणपतीच्या मूर्ती भरलेला टेम्पो. ड्रायव्हर उतरून आला, खिडकीत वाकला आणि म्हणाला, "बाय, गिअर टाक गो."

"टाकलाय. ऑटोमॅटिक हाय ही."

"मग तिची ती जायला पायजे ना," तो म्हणाला. एवढ्यात गाडी धाडकन सुटली आणि त्याचा पाय थोडक्यात वाचला.

विकताना 'ताई, गाडी घरचीच समजा' म्हणणारा दुकानदार फोनवर म्हणाला, "मॅडम, वॉरंटी संपली." ताईची मॅडम व्हायला पंधरा दिवस पुरले.

पेणच्या मेकॅनिककडे नवऱ्याला घेऊन गेले, ही माझी चूक. प्रश्न मी विचारत होते आणि उत्तरं त्याला मिळत होती.

"चालवतं कोण?" मेकॅनिकने विचारलं.

"मिसेस," नवरा म्हणाला.

"मग बरोबर." त्याने बॉनेटसुद्धा उघडलं नाही. "बायका दोन पायांनी चालवतात साहेब. उजवा रेसवर, डावा ब्रेकवर. गिअरबॉक्स जळणारच."

ज्या पायाला साधी चप्पल धरून ठेवता येत नाही, तो पाय म्हणे ब्रेक दाबून बसतो. मी साडी जरा वर करून त्या विद्वानाला पाय दाखवला. तो चपापला, पण माघार कसली घेतोय. "नकळत होत असेल मॅडम," म्हणाला. आणि माझ्या नवऱ्याने मान डोलावली. अठरा वर्षं त्या पायाच्या चपलेचा पट्टा बांधताना मला बघणाऱ्या माणसाने मान डोलावली. त्याचा मला आलेला राग अजून पुरता गेलेला नाही.

घरी आल्यावर त्याने निकाल दिला. ही विकायची आणि साधी गिअरची घ्यायची. "मी सोडत जाईन तुला," म्हणाला. माझी शिफ्ट सातची, हे महाराज साडेआठला चहा मागतात. गिअरची गाडी आली की मी पुन्हा एसटीच्या पायरीवर, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण गाडी बिघडवणाऱ्या बायकोला यापेक्षा जास्त काय द्यायचं असतं? आठवडाभरात त्याने जिते गावचं एक गिऱ्हाईकही शोधलं.

मी तरी काय मोठी शहाणी. सगळे म्हणतात तर खरंच नकळत होत असेल, असं मला वाटायला लागलं. मग मी ओढणीचं एक टोक सीटच्या पायाला पक्कं बांधलं आणि दुसऱ्या टोकाने डावा पाय मागे ओढून बांधून गाडी चालवायला लागले. रोज सकाळी पायाला गाठ मारायची, कंपनीच्या दारात कोणी बघत नाही ना पाहून सोडायची आणि ओढणी सीटखाली सारायची. तरी धक्के यायचेच. लॅबमध्ये मी हाताखालच्या मुलींना सांगते, एक कारण काढून टाकलं आणि दोष तसाच राहिला तर कारण दुसरं आहे. गाडीत बसल्यावर माझं डोकं कुठे जायचं कोण जाणे. मी पायालाच शिव्या घालत होते.

कंपनीतल्या एकीने रोह्याच्या गॅरेजवाल्याचं नाव काढलं. आखातात वीस वर्षं ऑटोमॅटिक गाड्याच दुरुस्त करून आलेला माणूस. दर रविवारी नवरा रोह्याशेजारच्या अष्टमी गावात त्याच्या बहिणीकडे जातोच. म्हटलं, तसंच पुढे गॅरेजला जाऊ. गाडी नेहमीप्रमाणे त्याने चालवली. रविवार त्याचा.

गॅरेजवाल्याने गिअरबॉक्सचं तेल काढलं, बोटावर घेतलं, वास घेतला आणि बोट माझ्या नाकाजवळ आणलं. जळका वास होता.

"उतारावर न्यूट्रल कोण मारतं?" त्याने विचारलं.

"मी," नवरा लगेच म्हणाला, छाती काढून. "भिसे खिंड उतरताना मारतोच. दांडा न्यूट्रलला टाकायचा, गाडी आपोआप खाली. पेट्रोल वाचतं. आमचे वडील जीप अशीच चालवायचे. नागोठण्यापर्यंत इंजिनाला काम नाय."

हे मी शेजारी बसून कितीदा पाहिलं होतं. नवऱ्याच्या हजार सवयींतली एक म्हणून सोडून दिलं होतं.

"जीपला चालत असेल," गॅरेजवाला बोट पुसत म्हणाला. "हिचं तेल इंजिनाच्या जोरावर फिरतं. तुम्ही इंजिन मंद करता आणि चाकं पळवता. आतल्या प्लेटा तेलाविना घासतात. मग पळत्या गाडीत दांडा परत डीवर टाकता. किती दिवस सोसणार ती?"

"पण पेणचा मेकॅनिक म्हणाला, दोन पायांनी…" नवरा म्हणाला.

गॅरेजवाल्याने माझ्या पायाकडे एकदा पाहिलं आणि नवऱ्याकडे जरा जास्त वेळ. "दोन पायांनी?" एवढंच म्हणाला.

नवऱ्याने बॉनेटवर हात फिरवला. "चुकलंच बाय माझं," तो गाडीला म्हणाला. गाडीला. मी तिथेच स्टुलावर बसले होते.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. जित्याचं गिऱ्हाईक. नवरा दोनदा "हां, हां" म्हणाला आणि मग माझ्याकडे बघत, "जरा मिसेसला विचारून सांगतो." दोन महिन्यांत विचारायचं आज सुचलं. मी फोन हातातून घेतला आणि सांगितलं, "गाडी माझी हाय. विकायची नाय."

काम व्हायला तीन आठवडे लागले. गाडी आणायला दोघं गेलो. मी चालवायला बसले, तो शेजारी. भिसे खिंडीचा उतार लागला तसा त्याचा उजवा हात सवयीने दांड्याकडे सरकला. मी नुसतं बघितलं. हात मांडीवर परत गेला.

मग खाली बघून तो म्हणाला, "ही ओढणी इथे कशाला बांधलीय गो?"

सीटच्या पायाला ती अजून तशीच होती. मी त्याला सांगितलं कशाला. नागोठण्याला गाडी थांबवायला सांगून तो खाली उतरला, माझ्या बाजूचं दार उघडलं, खाली वाकला आणि सीटच्या पायाची ती गाठ सोडायला लागला. दोन महिने ओढून ओढून घट्ट झालेली गाठ होती, त्याला बराच वेळ लागला. मी मदत केली नाही.