पुतळ्याच्या मदतीला नाना

"आळी क्लीन झाली की कारागिरांचे फायबरचे पुतळे बसवायचे. ते तुम्ही करा," नगरपरिषदेचे साहेब मला म्हणाले.

"आणि कारागीर?"

"गावाबाहेर शेड बांधलीय ना."

योजनेचं नाव 'कला आळीचे जतन'. आमच्या आळीत घरोघरी गणपतीचे कारखाने. मी योजनेचा आर्ट कन्सल्टंट. वडील मिठागरावर कामाला. घरात कॉलेज पाहिलेला मी पहिला. तेही आळीतले मूर्तिकार नाना यांच्यामुळे. ब्रश पहिल्यांदा त्यांच्याच कारखान्यात धरला होता. म्हणून पुतळ्यासाठी मॉडेल म्हणून नानांनाच बसवलं.

"म्हंजे मना हटवून माजा पुतला बसवनार?"

"हो, नाना."

"त्यो काय करनार थितं?"

"मूर्ती घडवतोय असं दाखवायचंय."

"मंग मीच बसतो की. मना येतं."

मी हे साहेबांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "प्लॅनमध्ये फायबर आहे."

आधी नाना मातीत घडवले. त्यावरून साचा काढला, साच्यात फायबरचे थर दिले. नमुन्याचा हा पहिला पुतळा नानांच्याच दारात बसला. इन्स्पेक्शनच्या दिवशी सगळ्या कारखान्यांना शटर ओढून आत बसायला सांगितलं होतं.

साहेबांनी पुतळ्याभोवती फेरी मारली. "डेड वाटतंय. काहीतरी मिसिंग आहे."

मला जे वाटत होतं ते मी सांगितलं. "ओल्या मूर्ती, साहेब. आळीभर फळ्यांवर वाळत घातलेल्या."

"मग ठेवा."

"वाळल्या की त्या रंगायला जातात. सारख्या नव्या लागतील."

"शेडमधून आणा."

"ओल्या शाडूला रस्त्याचे धक्के सोसत नाहीत. तडे जातात. इथेच घडवाव्या लागतील."

साहेबांनी विचारलं, "घडवणार कोण?"

शटरच्या आतून आवाज आला, "मी हाय ना."

काही दिवसांनी ऑर्डर निघाली. 'पुतळ्यांच्या वातावरणनिर्मितीसाठी' कारखाने आळीतच ठेवण्यात यावेत.

नाना आता पुतळ्याशेजारी बसून मूर्ती घडवतात. अलिबागला जाणारे पर्यटक थांबतात, पुतळ्याचा फोटो काढताना म्हणतात, "काका, जरा बाजूला होता का?" नाना सरकतात.

बाकीचे पुतळेही मी वेळेत करून दिले. पण आळीत फळ्यांमुळे जागाच उरली नाही, म्हणून ते गावाबाहेरच्या शेडमध्ये नेऊन ठेवलेत.

या कामात मी एवढं शिकलो: चालू असलेली गोष्ट वाचवायची असेल, तर ती मंजूर झालेल्या एखाद्या गोष्टीच्या मदतीला लावून द्यावी. मग तिला कोणी हलवत नाही.