बाजाराच्या दिवशीची ओपीडी

धरणगाव तालुक्यातल्या एका धर्मादाय दवाखान्यात मी नर्स होते. बायकांची ओपीडी बाजाराच्या दिवशी असायची. बाकांखाली वांग्यांच्या, मेथीच्या पिशव्या, फरशीवर माती आणि असा कलकलाट, की नाव ओरडून पुकारावं लागे. मला तो गोंधळ फार आवडायचा. दुखतंय म्हणून घराबाहेर पडायची सोय यातल्या कित्येकींना नव्हती. बाजाराला मात्र कोणी अडवत नसे.

मग जळगावच्या विश्वस्तांनी दवाखाना सुधारायला घेतला. फरशी बदलली, खुर्च्या आल्या. बायकांना गर्दीचा त्रास नको, तपासणी निवांत व्हावी, म्हणून त्यांची ओपीडी शनिवारी नेली. हेतू चांगलाच होता, आणि तेच मला आजही छळतं. मिटिंगमध्ये मी बाजाराचं सांगून पाहिलं.

"सिस्टर, तुम्ही पेशंटचं बघा, वाराचं आम्ही बघतो," एक विश्वस्त म्हणाले. सगळे हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण ठराव होऊन गेला होता.

आदल्याच आठवड्यात कापूस वेचणारी एक अक्का छातीतली गाठ दाखवून गेली होती. सुईने तपासायला डॉक्टरीणबाईंनी तिला पुढच्या बाजारी बोलावलं होतं. ती आली, पिशवी घेऊन. डॉक्टरीणबाई आता शनिवारीच जळगावहून येणार होत्या.

"शनिवारी या, अक्का."

"शनवारे घरमा काय सांगीसन निघू, माय? पिशवी लिसन निघनं का कोनी इचारत नही."

"मी घरी येऊन सांगते. नाहीतर जळगावला जाऊ, मी येते सोबत."

तिने माझा हात घट्ट धरला. "नको, माय. बठ्ठा गावमा बोभाटा व्हई जाई."

पुढचे काही बाजार ती दारातून डोकावून जायची. डॉक्टरीणबाईंची खुर्ची रिकामी दिसली की भाजी सावरत परत फिरायची. मग येईनाशी झाली.

उन्हाळ्यात एका शनिवारी तिच्या नवऱ्याने तिला रिक्षात घालून आणलं. नव्या खुर्चीत तिला बसवेना, म्हणून आडवं केलं. तपासून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि मला हळूच म्हणाल्या, आता सुईची गरज नाही.

नवरा टोपी हातात घेऊन उभा होता. "दर बजारले आठेच, याच गावमा येत व्हती, ताई. माले एक शब्द नही सांगा तिनी." मग त्याने भिंतीवरच्या नव्या पाटीकडे पाहिलं. "बायासना वार आजच शे ना? मी चुकनू नही ना?"

"नाही भाऊ," मी म्हटलं. "वार बरोबर आहे."