भाड्याचा टोप

बाकी सगळ्यांना शाल आणि नारळ. माझ्या हातात टोप.

पुठ्ठ्याचा टोप, वर चिकटवलेली मोरपिसं. नाटकाचे कपडे भाड्याने देणाऱ्या दुकानातून आणलेला. नंदुरबारातलं मंगल कार्यालय. आमच्या कॉलेजने विद्यापीठाची फुटबॉल स्पर्धा जिंकली होती आणि मी कॅप्टन होतो. शेवटचा गोल माझा होता. फुशारकी म्हणून सांगत नाही. त्या दिवशी माझ्याजवळ तेवढंच होतं.

सत्कार एका कापडाच्या व्यापाऱ्याने ठेवला होता. सगळे त्यांना शेठ म्हणत. स्टेजच्या कडेला जाळीत नवे फुटबॉल होते, माझ्या पाड्यावरच्या पोरापोरींसाठी. धडगावच्या वर, डोंगरात आमचा पाडा. सुट्टीला गेलो की मी त्यांना शिकवतो. बॉल एकच, तोही फाटका.

शेठ माईकवर अहिराणीत म्हणाले, "घाल रे टोप. जरा नाचीसन दखाड."

नाचून दाखव म्हणे. मी टोप हातातच धरला.

"होळीले नाचतस ना तुम्ही? मंग आठे काय लाजी ऱ्हायना?"

लोक हसले. माझ्या संघातली मुलंही हसली.

आम्हा आदिवासींत असा टोप नवसाचा असतो. ज्याचा नवस, त्यानेच घालायचा, तोही होळीलाच. त्या दिवसांत खाटेवर झोपायचं नाही, पायात चप्पल घालायची नाही. लहानपणी मी तापातून उठेना, तेव्हा बाबांनी तो नवस बोलला होता. माझ्यासाठी ते डोंगरवाटेने अनवाणी चालले. मी टोपाला हात लावायला गेलो तर त्यांनी माझा हात बाजूला केला होता.

बाबा मागे भिंतीला टेकून उभे होते. खुर्च्या रिकाम्या असूनही. ते स्टेजजवळ आले आणि आमच्या बोलीत हळूच म्हणाले, "पोरांना बॉल मिळतील ना? घाल मग."

हे बाबा म्हणाले.

शेठचं हसणं इतकं लागलं नव्हतं. कुणाला किती वाकावं लागतंय, ते मला तिथे दिसलं. मी टोप टेबलावर ठेवला.

"शेठ, हा नवसाचा असतो. मी घालणार नाही."

"मंग ऱ्हाऊ दे. बॉलबी ऱ्हाऊ दे."

शेठ रागावले नाहीत. हसतच म्हणाले. त्यांच्या माणसाने जाळी उचलून आत नेली. खेळाचे सर माझ्या कानाशी म्हणाले, "एवढा माज बरा नाही."

आम्ही बसने परतलो. पाड्यावर पोरं धावत आली. "दादा, बॉल?" मी चिंध्यांचा बांधून दिला.

यंदा आमच्या पाड्यावरच्या मुली तालुक्यात जिंकल्या. सरांमार्फत शेठचा निरोप आला. बूट देतो, पोरींना होळीच्या पोशाखात नाचायला आणा.

मुलींच्या टाचा फुटल्यात. बूट कुठून आणायचे, मला खरंच माहीत नाही. बाबांना विचारलं. ते स्वतःच्या पायांकडे बघत राहिले.

मी सरांना फोन केला. "सर, मुली खेळाच्या कपड्यांत येतील. नाहीतर येणार नाहीत."

"मग बूट विसर."

"विसरलो, सर."

मैदानात जाऊन मुलींना सगळं सांगितलं. एकीने खाली बसून तळव्यातला काटा काढला.

पुढचा सामना अनवाणी. नाचायला कोणी जाणार नाही.